पुस्तिकेच्या समासातली ओळ

उमेळ्याला आमच्या केळीच्या वाडीत विहिरीचं पाणी ओढायला एक जुनं इंजिन होतं. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच, म्हणून त्याची पुस्तिका माझ्या ताब्यात. तीत लिहिल्याप्रमाणे मी पातळ तेल मागवलं. आठवड्याभरात इंजिन निळा धूर ओकून बंद पडलं. ऐन वैशाखात केळी माना टाकू लागल्या.

माणिकपूरहून सायकलवर एक मिस्त्री आला. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याने इंजिनातलं तेल अंगठा आणि बोटात चोळलं, मग बोटं सावकाश दूर केली. तेल तार धरेना.

“पुस्तकात हेच तेल सांगितलंय,” मी म्हणाले.

“बाय, पुस्तक नव्या इंजिनाचं हाय. हे इंजिन झिजलंय. याला दाट तेल पायजे.”

सासरे हसले. “म्हणजे आमच्या सूनबाई नापास.”

“नाय वो काका, पुस्तकच अर्धं हाय. बाय, तेवढं लिवा त्यात.”

मी समासात मराठीत लिहिलं: ‘इंजिन झिजलं की दाट तेल.’ त्याने इंजिन उघडून साफ केलं, दाट तेल भरलं. संध्याकाळी पाटाला पाणी आलं.

मुलांनो, ती पुस्तिका अजून माझ्याकडे आहे. त्यातलं बारीक इंग्रजी आता मला दिसत नाही. ती एक ओळ न बघता सांगता येते.