पाहून राहिलो

आमच्या गोंदियात कोणालाही कामाचं विचारा, "पाहून राहिलो" हेच उत्तर मिळतं. काम हातात घेतलंय असा त्याचा अर्थ होतो आणि नुसतं बघत बसलोय असाही होतो. या दोन अर्थांच्या मधल्या फटीत माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक पडलं. तो राग अजून उतरलेला नाही.

राइस मिलच्या यंत्रांचे सुटे भाग मी विकतो. सायकलच्या कॅरियरला यंत्रांचे पट्टे बांधून एकेक मिल फिरायचो, तेव्हाचा पहिला सौदा आमगावच्या एका मिलवाल्याशी झाला. अर्धा दिवस घासाघीस चालली. तो उठून जायला निघाला की मी भाव सोडायचो, मी पट्टे उचलले की तो चढवायचा. त्यानंतर त्याच्या मिलमध्ये दुसऱ्याचा माल कधी शिरला नाही.

मग भाच्यानं दुकानाचा ईमेल काढला आणि तक्रार असेल तर त्यावरच लिहा, असं सगळ्या गिऱ्हाइकांना परस्पर कळवलं. पेटी एकच, पण ती भाचा, हिशेब पाहणाऱ्या ताई आणि मी, अशा तिघांच्या कॉम्प्युटरवर उघडते. न उघडलेला मेल ठळक दिसतो. एकानं उघडला की तिघांकडेही त्याची अक्षरं बारीक होतात. बारीक झालं म्हणजे उत्तर गेलं, असं प्रत्येकानं धरून चालायचं.

ऐन हंगामात आमगावहून मेल आला: तुमचे धान सोलायचे नवे रबर रोल तांदूळ फोडतात, कणी फार पडते, माणूस पाठवा. भाच्यानं तो उघडला. ताईंना तो उघडलेलाच दिसला. दुसरा मेल ताईंनी उघडला, तर भाच्याला तो उघडलेला दिसला. तिसऱ्याचंही तेच. मी रोज विचारायचो, "मेल पाहता ना रे?"

"पाहून राहिलो, मामाजी."

मला कळलं ते चहाच्या टपरीवर. तुमच्या आमगाववाल्याकडे रायपूरचे रोल उतरले, असं एका ट्रकवाल्यानं सांगितलं. कप तसाच ठेवून मी आमगाव गाठलं.

"काऊन जी, मी मेलो होतो का?" मी मिलच्या दारातूनच विचारलं.

"मले काय मालूम," तो म्हणाला. "तीन मेल टाकले, जवाब नाही. म्हटलं, गेला असन."

"फोन कराले काय झालं होतं?"

"तुयाच भाच्यानं सांगतलं, फोन नोको करू, मेल कर. साहेब झाला न तू आता."

त्याचे हमाल हसले. मी रोल बदलून देतो म्हणालो, बसवणावळ सोडतो म्हणालो. तो खुर्चीतून हललासुद्धा नाही.

"लिहून पाठव. मेल कर."

ज्या माणसाशी मी तोंडावर भांडून धंदा उभा केला, तो मला मेल कर म्हणतो. मेलमध्ये उठून जाता येत नाही, समोरच्याचा चेहरा पाहून भाव ओढता येत नाही. परत येईपर्यंत डोकं तापलेलंच होतं.

"हे तीन मेल कोण पाहून राहिलं होतं?"

भाच्यानं ताईंकडे पाहिलं. "मले वाटलं, ताईनं जवाब देला."

"मी समजले, तुम्ही दिला," ताई म्हणाल्या.

मी सांगितलं, जो उघडेल त्यानं उत्तर द्यायचं. जमत नसेल तर मेल पुन्हा ठळक करूनच खुर्ची सोडायची. आणि तो शब्द या दुकानात पुन्हा ऐकायचा नाही.

"मंग काय म्हणू, मामाजी?"

"जवाब देला म्हण, नाही तर नाही देला म्हण."

मग मी स्वतः बसून आमगावला भाव लिहून पाठवला. चहा येईपर्यंत उत्तर आलं. एकच ओळ होती: पाहून राहिलो.

तो मेल मी ठळक करून ठेवला आहे. त्याला कोणी हात लावत नाही. दिलेल्या भावात अजून थोडं सोडायला मी जागा ठेवली आहे, हे मिलवाल्यालाही ठाऊक असणार. पण आधी त्यानं फोन करावा.