मी मंगल नाही

"चप्पल तोंडात धर," महाराज म्हणाला.

चप्पल मालकांची होती. कातडी, जाड तळव्याची, टाचेला शेण लागलेली. भर दुपारी मालकांच्या दारातल्या कडुनिंबाखाली मला गुडघ्यांवर बसवलं होतं. माझ्या केसांची एक बट खिळा मारून झाडाच्या खोडात ठोकली होती. भूत पळून जाऊ नये म्हणून. मान जरा हलवली की डोक्याची कातडी ताणायची. पुढ्यात घमेल्यात निखारे, निखाऱ्यांवर लाल मिरच्या. डोळ्यांतून, नाकातून, तोंडातून नुसतं पाणी. सगळी गल्ली जमली होती. पोरं मोबाइल वर धरून उभी होती. मी दहावीत होते.

चप्पल दातांत धरायची, रांगत वेशीपर्यंत जायचं, तिथं ती टाकायची. मग भूत गावाबाहेर गेलं असं समजायचं. पण त्याआधी भुतानं लोकांसमोर बोलायचं होतं. काय बोलायचं ते मला सकाळीच पढवलं होतं.

"मी मंगल. माझा पाय घसरला. या घराशी माझं वैर न्हाई."

मंगल माझी थोरली बहीण. तिला जाऊन महिना झाला होता.

निलंग्याकडचं आमचं गाव. आमची मातंग वस्ती खालच्या अंगाला, मालकांचं घर वर. मंगलताई त्यांच्याकडं भांडी घासायची, गोठा झाडायची, मळ्यात खुरपायला जायची. मालकांची आरती माझ्याच वर्गात. तिला भुताच्या कादंबऱ्यांचा नाद होता. मोबाइलवरून मागवायची. सगळ्यांत आमच्या वयाची एक मुलगी असायची. ती जुन्या घरात राहायला यायची, घरात दुष्ट आत्मा निघायचा. मुलगी आधी भ्यायची, मग धीर करायची आणि शेवटी आत्म्याला हरवायची. वाचून झालं की आरती ते पुस्तक ओट्यावर ठेवायची आणि दोन पावलं मागं सरकायची. मग मी उचलायचं. हाताला हात लागू नये एवढी काळजी तिला न सांगता कळत होती.

तरी मला ती पुस्तकं फार आवडायची. खोटं कशाला बोलू? एक गोष्ट तेवढी खुपायची. त्यातला दुष्ट आत्मा नेहमी आमच्यातला. कुणाची तरी मोलकरीण, कुणीतरी आडात ढकललेली. त्या पुस्तकांत आमच्यासारखीला काम मिळायचं ते मेल्यावर. मंगलताईला वाचता येत होतं, पण तिला ऐकायला आवडायचं. ती गोठा झाडायची, मी गव्हाणीवर बसून वाचायची. एकदा हातातला खराटा थांबवून ती म्हणाली, "ती पोरगी मेली कशी ते कोनी इचारतच न्हाई की गं. नुसतं हाकलून लावतेत तिला."

त्या दिवशी मी तिची भाकरी घेऊन मळ्यात गेले होते. विहिरीजवळ पाण्याच्या मोटारीची खोली आहे. खोलीपाशी अमोलची गाडी उभी होती. अमोल म्हणजे आरतीचा मोठा भाऊ. तो खोलीतून बाहेर आला. गालावर ओरखडे, शर्टाची बाही फाटलेली. मला बघून दचकला आणि म्हणाला, "मंगल घरी गेली."

मंगल घरी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती विहिरीत वर आली. हातात एक बांगडी उरली नव्हती. मनगटं काळीनिळी.

मी पोलीस जमादाराला सगळं सांगितलं. गाडी, ओरखडे, बाही. तो मालकांच्या खाटेवर बसून चहा पीत होता. म्हणाला, "लहान हाय. भेदरलीय. काय बी बोलून राहिली." पाय घसरून पडली, असं ठरलं. संध्याकाळच्या आत मंगलताईला मातीही दिली.

त्यानंतर आरतीला झटके यायला लागले. दात आवळायची, डोळे फिरवायची, अंग धनुकलीसारखं वाकवायची. मालकांनी तिला लातूरला डॉक्टरकडं नेलं आणि मग महाराजाकडं. महाराजानं तिला लोकांसमोर बसवलं.

"कोन हाईस?" त्यानं विचारलं.

"मंगल," आरती म्हणाली.

"काय पायजे?"

"अमोलला इचारा."

"काय इचारू?"

"मोटारीच्या खोलीचं दार कोनी लावलं ते."

बायकांनी हात जोडले. माणसांनी माना खाली घातल्या. मी मागं भिंतीला टेकून उभी होते. मी शुद्धीत जे सांगितलं होतं तेच आरती डोळे पांढरे करून बोलत होती. माझं कुणी ऐकलं नाही. तिचं ऐकताना गल्लीत एक पोर रडलं नाही. तिला काय माहीत होतं, तिनं काय पाहिलं होतं, हे मला आजही माहीत नाही. एवढं कळतं की तिला स्वतःच्या तोंडानं ते बोलता येत नव्हतं. तिच्या घरात तिचंही माझ्याइतकंच चालत होतं.

मालकांचा चेहरा उतरला. लोकांनी ऐकलं होतं. आता त्याच लोकांसमोर त्याच भुतानं शब्द फिरवायला हवा होता. महाराजानं वाट काढली. भूत रक्ताच्या माणसात लवकर उतरतं म्हणाला. भईन हाय की तिची.

मालक आयुष्यात पहिल्यांदा आमच्या दारात आले. मायला म्हणाले, "घडीभराचं काम हाय. माझ्या पोरीच्या जिवाचा सवाल हाय." माय तयार झाली. मला वाटलं, भीतीनं झाली. नंतर कळलं, तसं नव्हतं. मायचा भुतावर विश्वास होता. मंगल माझ्या अंगात येईल, एकदा तिचा आवाज ऐकायला मिळेल, म्हणून तिनं मला हाताला धरून तिथं नेलं.

"नाव सांग," महाराज म्हणाला.

मी माझं नाव सांगितलं.

निंबाचा ओला फोक पाठीवर बसला. पुन्हा विचारलं. पुन्हा मी माझंच नाव सांगितलं. मग दोर. मग तीच चप्पल, गालावर, कानावर. एक दात तुटून जिभेवर आला. मी थुंकले तर लोक म्हणाले, भूत रक्त ओकून राहिलं. महाराजानं माझी मान धरून तोंड मिरच्यांच्या धुरात दाबलं. श्वास आत गेला की छातीत सुऱ्या फिरायच्या. मी ओरडले की तो लोकांकडं वळून म्हणायचा, "बघा, कसं तडफडतंय."

ओरडत मी होते. पण ओरडायचा हक्कसुद्धा त्यांनी भुताच्या नावावर केला होता. पाठ माझी, दात माझा, आणि मार मात्र कुणालाच लागत नव्हता. म्हणून तर कुणी मध्ये पडलं नाही. आमच्याच वस्तीतली म्हातारी माणसं, माझे सर, दुकानदार, सगळे बघत राहिले.

मालक माझ्याजवळ वाकले. अगदी हळू म्हणाले, "तेवढं बोल अन् मोकळी हो. दहावीला बसायचंय न्हवं तुला?"

तेवढ्यात माय पुढं आली. कुणी तिला अडवलं नाही. तिनं माझ्यासमोर तांब्या धरला. म्हणाली, "मंगल, माय हाय मी. तहान लागली का गं बाई? पाण्यात होतीस एवढी रातभर."

इतका मार खाऊन मी मोडले नव्हते, तिथं मोडायला आले. हो म्हणाले असते तर मायला तिची लेक भेटली असती. आणखी एक वाट होती. मंगल होऊनच अमोलचं नाव घ्यायचं. लोकांनी पुन्हा हात जोडले असते, पुन्हा खरं मानलं असतं. पण मग महाराजानं मला चप्पल धरून वेशीपर्यंत रांगवलं असतं. भूत गावाबाहेर गेलं असतं आणि त्याच्याबरोबर अमोलचं नावही. दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला. मला मंगलताईचा खराटा आठवला. नुसतं हाकलून लावतेत तिला.

मी मायकडं बघून बोलले. आवाज बसला होता, तरी शेवटच्या माणसाला ऐकू गेला.

"मी मंगल न्हाई, माय. मंगल मेली. तिला अमोलनं मारलं. मी तिची भईन बोलून राहिले. शुद्धीत."

मालक म्हणाले, "गप कर तिला."

महाराजानं चप्पल माझ्या तोंडात कोंबली. मी तोंड उघडलं आणि चप्पल सोडून त्याचा हात धरला, अंगठ्याच्या खाली, जिथं मांस असतं. दात हाडाला लागेपर्यंत चावले. तो किंचाळला तेव्हा मात्र कुणी म्हटलं नाही की भूत ओरडतंय. तो मागं पडला, मी त्याच्याबरोबर ओढली गेले आणि केसांची बट कातडीसकट झाडाला राहिली. तिथं आजही केस येत नाहीत. मी चप्पल उचलली. आधी महाराजाच्या तोंडावर मारली. मग मालकांच्या. ज्या हातानं मी त्यांच्या ओट्यावरून पुस्तकं उचलायची त्याच हातानं. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

अमोलनं मला लाथेनं पाडलं. बरगडीत एक, पोटात दोन, मग मोजायची शुद्ध नव्हती. लाथा अचानक थांबल्या. मायनं निखाऱ्यांचं घमेलं उघड्या हातांनी उचलून त्याच्या पायांवर ओतलं होतं. तिचे तळहात भाजून सोलले. ती मला उठवत म्हणाली, "चल. ही जित्ती हाय माझी."

आम्ही दोघी वेशीतून बाहेर पडलो. चप्पल माझ्या हातात होती. निलंग्याच्या गाडीत लोकांनी आम्हाला जागा दिली, की भिऊन सरकले, कोण जाणे. ठाण्यात मी ती चप्पल टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "लिहून घ्या." ते लिहीत नव्हते. पण तोवर पोरांनी काढलेला व्हिडिओ तालुक्यातल्या निम्म्या मोबाइलांवर फिरला होता. 'भूत उतरवताना' असं त्याला नाव दिलं होतं. तो व्हिडिओ बघितल्यावर त्यांना लिहावं लागलं.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली महाराज आणि मालक आत गेले, जामिनावर बाहेर आले. मंगलताईचं प्रकरण उघडायला त्याहून किती तरी जास्त वेळ लागला. आता ते कोर्टात आहे. गाव सुटलं. माय लातूरला डाळीच्या मिलमध्ये काम करते. तळहात नीट मिटत नाहीत, तरी करते. मी क्लासेसच्या गल्लीत एका अभ्यासिकेत पुस्तकांचं काउंटर सांभाळते. मुली भुताच्या कादंबऱ्या मागतात. मी देते. हातात देते.

मीही एक कादंबरी लिहिली. मळा, विहीर, मुलगी, तिची बहीण. एका प्रकाशकाला दाखवली. चांगले, सुशिक्षित गृहस्थ. म्हणाले, "लिहिता छान. टीनएजर मुलींना सध्या हेच हवंय. पण तुमच्या गोष्टीत आत्माच नाही. बुडालेली मुलगी परत येऊ द्या. तिला सूड घेऊ द्या. तुमच्या लोकांकडं अशा गोष्टी भरपूर असतील ना?"

मी हस्तलिखित उचललं. त्यांना म्हणाले, "मेलेल्या मुलीनं सूड घेतला की जिवंत माणसांना काही करावं लागत नाही. तुम्हाला ते सोयीचं आहे. मला नाही."

मंगलताईला मी परत बोलावणार नाही. तिनं आयुष्यभर दुसऱ्यांची घाण काढली. आता न्यायसुद्धा तिनंच विहिरीतून वर येऊन करायचा का?

मागच्या तारखेला अमोलच्या वकिलानं तोच व्हिडिओ न्यायाधीशांना दाखवला. म्हणाला, मुलगी बघा, फेस गळतोय, माणसाला चावतेय. अशा झपाटलेल्या, अस्थिर मुलीच्या साक्षीवर काय विश्वास ठेवायचा? म्हणजे आधी मला मारून भूत केलं आणि आता भूत होते म्हणून माझा शब्द खोटा. अमोल मागच्या बाकावर बसून हसत होता. पायांवर डाग आहेत त्याच्या. सँडलमधून दिसतात.

पुढच्या तारखेला माझी उलटतपासणी आहे. ते विचारतील, तुझ्या अंगात कोण होतं? मी तोंड उघडून तुटलेला दात दाखवीन. ओढणी काढून डोक्यावरची जागा दाखवीन. आणि सांगीन, माझ्या अंगात मीच होते. मोटारीच्या खोलीतून अमोलला बाहेर येताना मी पाहिलं. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच सांगीन. खालच्या कोर्टात, वरच्या कोर्टात, गावात त्या निंबाखाली उभी राहून. मंगलचा पाय घसरला हे वाक्य माझ्या तोंडून कुणाच्या बापाला ऐकायला मिळणार नाही.