वजनकाटा आणि दोडक्याच्या शिरा

आमच्या मोहल्ल्यात स्वच्छता सप्ताह पावसाळा ओसरताना येतो. घरांच्या मागची गल्ली, जिला इथे सगळे बॅकलेन म्हणतात, त्या सात दिवसांत झाडून, धुऊन, रंगवून निघते. एरवी पार्किंगवरून एकमेकांशी धुसफुसणारी माणसे शेवटच्या संध्याकाळी त्याच गल्लीत सतरंज्या टाकून पोहे खातात. बाहेरून आलेल्याला हा उत्साह थोडा अतिरेकी वाटतो. इंदूरमध्ये वाढलेल्या माणसाला वाटत नाही. आमच्याकडे कचऱ्याची गाडी निघून चालली, तर लोक बादली घेऊन शाळेची बस गाठावी तसे धावतात.

गेल्या वर्षीच्या सप्ताहात वजनाचे काम माझ्याकडे होते. सिमरोलजवळच्या संस्थेत मी घनकचऱ्यावर संशोधन करते, एवढे कारण मोहल्ला समितीच्या अध्यक्षांना पुरेसे होते. "बेटा, तू तो साइंटिस्ट है. अपनी गली का कचरा तू ही तौल," असे म्हणून त्यांनी हुकाचा वजनकाटा माझ्या हातात दिला. मला ते हवेच होते. माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणाला प्रत्यक्ष घरांतली निरीक्षणे लागणार होती, आणि ती दारातच चालून आली होती.

मी पद्धत काटेकोर ठेवली. रोज सकाळी, गाडी येण्याआधी, प्रत्येक घराच्या ओल्या कचऱ्याची बादली टांगायची, आकडा लिहायचा, घरातल्या माणसांच्या संख्येने भागायचे. सुका कचरा वजनाने हलका आणि आकाराने फसवा, म्हणून त्याच्या रकान्यात फक्त 'दिला' किंवा 'नाही' एवढेच लिहायचे. त्या भागाकाराचा मला विशेष अभिमान होता. मोठे कुटुंब आणि एकटे माणूस यांना एकाच मापात तोलण्याची चूक मी टाळली होती.

गल्लीत एकटे माणूस एकच होते. आमच्या समोरच्या काकू.

आई आणि बाबा दोघेही नोकरीला असल्याने माझ्या शाळेनंतरच्या दुपारी काकूंच्या स्वयंपाकघरात गेल्या. काकू शाळेत विज्ञान शिकवीत. काका पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात होते. संध्याकाळी घरी येताना ते हमखास शेवेची पुडी आणत, आणि काकू हमखास त्यांना त्याबद्दल रागावत. माझे पहिले मोजमाप काकूंच्या ओट्यावर झाले. औषधाच्या बाटलीवरचे छोटे प्लास्टिकचे माप त्या तेलासाठी वापरीत. मी ते उचलून वाचू लागले की म्हणत, "खाली ठेव. आता तू वाक. डोळा रेषेच्या समोर आण. वरून बघितलंस तर आपल्याला हवं तेच दिसतं."

आणि दोडका. काकू दोडक्याच्या शिरा सुरीने लांबच लांब काढीत, त्या टाकीत नसत. तव्यावर थोड्या तेलात कुरकुरीत होईपर्यंत परतून, तीळ, सुके खोबरे आणि हिरवी मिरची घालून त्यांची चटणी करीत. तो वास आमच्या दारापर्यंत येई. भोपळ्याची साले, कोथिंबिरीच्या काड्या, वाटाण्याची कोवळी टरफले, सगळ्याला त्या घरात काही ना काही काम होते.

म्हणून सप्ताहाच्या शेवटी वही जुळवली आणि काकूंचा आकडा गल्लीत सर्वांत कमी निघाला, तेव्हा मला आश्चर्य वाटले नाही. मला आनंद झाला. त्यांची बादली रोज जवळजवळ रिकामी होती. एखाद्या चमच्याएवढी चहापत्ती, कधी केळ्याचे एक साल. मी त्या आकड्यापुढे टीप लिहिली की पारंपरिक पाककृतींमध्ये साल वाया जात नाही, आणि त्यामुळे ओला कचरा लक्षणीय घटतो. हे वाक्य प्रबंधात शोभेल, असेही वाटून गेले.

शेवटच्या संध्याकाळी बॅकलेनमध्ये काकूंना बक्षीस मिळाले. 'सबसे कम कचरे वाला घर' अशी पत्र्याची पाटी होती ती, फाटकावर लावायची. काका जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. काकू सावकाश उठल्या, पाटी घेतली, डोळ्यांसमोर धरून वाचली आणि म्हणाल्या, "छान. आता लोक म्हणतील, बाई इतकी हिशोबी की कचरासुद्धा करत नाही."

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. गाडीवरच्या ताई आमच्या गल्लीत कित्येक वर्षे येतात. कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाचा उपास आहे, हे त्यांना बादलीवरून कळते. त्यांनी विचारले, "ईनाम किसको मिला, दीदी?"

मी अभिमानाने समोरच्या फाटकाकडे बोट दाखवले.

त्यांनी पाटीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "अम्मा को? काहे का ईनाम? अम्मा के घर में तो चूल्हा ही नी जलता. टोस्ट की पन्नी निकलती है और चाय-पत्ती. मेरे को लगा आपको मालूम है. आप तो रोज तौल रई थीं."

गाडी पुढे गेली. मी घरात येऊन वही उघडली. सुक्या कचऱ्याच्या रकान्यात काकूंच्या नावापुढे सातही दिवस 'दिला' असे माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. काय दिला, ते मी पाहिले नव्हते. माझ्या पद्धतीत ते पाहायचे नव्हते. आकडे अचूक होते. त्यांचा अर्थ मी सोळा वर्षांपूर्वीच्या तव्यावरून लावला होता.

त्या दिवशी मी संस्थेत गेले नाही. काकूंच्या स्वयंपाकघरात गेले. ओटा स्वच्छ होता, इतका स्वच्छ की तिथे काही शिजल्याची खूणच नव्हती. तवा भिंतीला टांगलेला, त्यावर धुळीचा पातळ थर. डब्यात टोस्ट, परमल म्हणजे चुरमुरे, थोडी शेव. बस.

"चटणीची कृती लिहून घ्यायला आलीस का?" काकूंनी विचारले.

"काकू, तुम्ही जेवता काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. "एका माणसासाठी कुकर लावला ना, की त्याची शिट्टीसुद्धा थट्टा केल्यासारखी वाटते. एकदा लावला होता. वाजला, आणि मी दोन पानं घेऊन बसले."

मी हातातल्या फोनकडे पाहिले. मग त्या घाईने म्हणाल्या, "नाशिकला फोन करायचा नाही हं. लेकीला कळलं तर उद्या गाडी घेऊन येईल. तिचं चूक नाही. पण घराला कुलूप लागेल. मला इथे राहायचंय."

प्रश्न सरळ होता. सांगितले तर काकूंचे घर जाणार, न सांगितले तर काकू झिजणार. मी तिसरा पर्याय मांडला. रोज संध्याकाळी सिमरोलहून परतल्यावर मी त्यांच्याकडे जेवेन. त्यांनी रांधायचे.

"म्हणजे तुझी सोय," काकू म्हणाल्या.

"हो. माझीच."

"मग ठीक आहे. पण शास्त्रज्ञबाई, कणीक तू मळायची."

"आणि ती पाटी मी काढते."

"राहू दे. माझं एवढंच तर बक्षीस. तेही न रांधल्याबद्दल."

त्यानंतरचे पाच महिने माझ्या आयुष्यात कुठल्याही यशाच्या रकान्यात येत नाहीत. तरी मला आता सर्वांत जास्त तेच हवे असतात. बसमधून उतरून मी आमच्या फाटकाऐवजी समोरच्या फाटकाकडे वळे. पहिल्या आठवड्यात काकू मीठ विसरत, किंवा दोनदा घालत. मग हात जुन्या सवयीला आला. माझ्या पोळीचा आकार पाहून त्या रोज नव्या राज्याचे नाव घेत. एकदा म्हणाल्या, "आज मध्य प्रदेश जमला. इंदूर कुठे आहे, भोक पडलंय तिथे?" काकांच्या जागेवर मी बसत नसे. ती जागा मोकळी ठेवूनच आम्ही जेवत असू. काकूंचा हात बसेपर्यंत दोडका बाजारातून गेला होता. त्या म्हणत, "पुढच्या मोसमात. शिरांची चटणी काय, पळून जाते का?"

गाडीवरच्या ताईंनी एकदा काकूंची बादली उचलली आणि वजन आल्यासारखे नाटक करून कमरेवर हात ठेवला. "अब बना घर," त्या म्हणाल्या.

मग मला सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाचे पत्र आले. दुसऱ्या शहरातली नामवंत प्रयोगशाळा होती, आणि त्या जागेसाठी मी दोनदा अर्ज केला होता. काकूंनीच बॅग भरायला मदत केली. "जा. मी काय लहान आहे? करीन मी आपली आपली," त्या म्हणाल्या. मला त्यावर विश्वास ठेवायचा होता, म्हणून मी ठेवला. आईला लक्ष ठेवायला सांगितले. पण आई दार वाजवी तेव्हा काकू सांगत, "आत्ताच जेवले." चौथ्या आठवड्यात आईचा फोन आला. काकूंना अंगणात चक्कर आली होती. लेक त्याच दिवशी नाशिकहून निघाली होती.

मी परतले तेव्हा फाटकाला कुलूप होते आणि त्याच्या वर पाटी.

यंदाही सप्ताह आला. वजनकाटा पुन्हा माझ्याकडे आला. या वेळी मी सुक्या कचऱ्याची पिशवीही उघडून पाहते, आणि घरोघर विचारते की काल काय केले होते जेवायला. लोकांना ही माझी आपुलकी वाटते. ती आता तशी आहेही. समोरच्या बंद घरासमोर गाडी अजून सवयीने हळू होते. ताई रोज तेच विचारतात, "अम्मा कब आएँगी?" मी सांगते, "दिवाली के बाद." काकू मला फोनवर हेच सांगतात. होळीच्या वेळी त्यांनी उन्हाळ्यानंतर असे सांगितले होते.

वहीत त्या घराची ओळ रिकामी पाहून अध्यक्ष म्हणाले, "जीरो लिख दे बेटा, गली का औसत सुधर जाएगा."

शून्य हे मोजून आलेले असते. मी त्या ओळीत 'नोंद नाही' असे लिहिले. ते कुरकुरले, पण पुढे गेले.

त्याच सकाळी काकूंचा फोन आला. नाशिकला स्वयंपाकाला बाई येतात. काकूंना ओट्यापाशी कोणी उभे राहू देत नाही, प्रेमानेच. त्या खिडकीत बसून बोलत असतात हे मला मागच्या रस्त्याच्या आवाजावरून कळते.

"दोडके मिळतात का गं अजून बाजारात?"

"मिळतात. आईने आज भाजी केलीय."

"शिरा टाकल्या असतील."

माझी नजर फाटकाशी ठेवलेल्या बादलीकडे गेली.

"टाकू नकोस. तेल अगदी थोडं घे. आणि घाई करू नकोस, मोठ्या आचेवर त्या करपतात."

"तुम्ही या ना करायला."

त्या म्हणाल्या, "येते की. तू शिरा तर काढून ठेव."

आमची बादली फाटकाशी टांगून, मोजून, लिहून झाली होती. गाडी अजून यायची होती. मी बादलीत हात घातला. वरच कोथिंबिरीच्या काड्या होत्या, त्याखाली हिरव्या, लांब शिरा. त्या बाहेर काढल्या आणि नळाखाली दोनदा धुतल्या. मग बादली पुन्हा काट्याला लावली, डोळा रेषेच्या समोर आणला, आणि आमच्या घराचा आधीचा आकडा खोडला.