दुसऱ्यांदा वाजलेला फोन

इंटरनेटवरून फोन लावणारी यंत्रणा कोणत्या भाषेत लिहायची, यावर आम्ही पाच जण लोणावळ्यातल्या एका बंगल्यात दोन दिवस भांडलो. भाषा म्हणजे संगणकाची. मराठीसाठी आम्ही एवढा घसा कधीच कोरडा केला नसता.

काम सोमाटण्यातल्या एका डेअरीचं होतं. दुधाचा टेम्पो निघाला की आंदर मावळातल्या दूध घालणाऱ्या सगळ्यांना आपोआप फोन जायला हवा होता. आमचे साहेब सी++ला चिकटून बसले, कारण त्यांना तेवढीच येत होती. एक विद्वान नुकताच रस्ट शिकला होता आणि भजी आणून देणाऱ्यालाही ती समजावत होता. मी अर्लांगची बाजू घेतली. टेलिफोनवाल्यांनीच घडवलेली भाषा, काही कोलमडलं तरी आपोआप पुन्हा उभं राहतं. “आपला एकही फोन वाया जाणार नाही,” असं मी ठणकावून सांगितलं आणि जिंकले.

माझी सख्खी मावशी त्याच डेअरीला दूध घालते. घर डोंगरात, फाट्यापासून तासभराच्या चालीवर. तिला काही विचारावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही. तिला अर्लांगमधलं काय कळणार होतं?

यंत्रणा सुरू झाली. ‘नमस्कार, टेम्पो निघाला आहे,’ असा निरोप मी माझ्याच गोड आवाजात भरला होता. कुणी फोन उचलला नाही, तर यंत्रणा तो पुन्हा लावायची. ही सोयही मीच हौसेने घातली होती. तीन दिवसांनी डेअरीतून कळलं, की मावशीच्या फाट्यावर दूध घेऊन कुणीच येत नाही. उद्याही आलं नाही, तर टेम्पो तिथे थांबणं बंद. माझ्या स्क्रीनवर मात्र सगळं हिरवंगार होतं, म्हणजे फोन तर रोज जात होते.

मी तडक मावशीकडे गेले. फोन गोठ्यातल्या मेढीला खिळ्यावर टांगलेला होता, कारण रेंज तेवढ्याच जागी येते. चुलीवर, न गेलेल्या दुधाचा खवा आटत होता.

“मावशी, फोन का उचलत नाहीस?”

“उचलून काय करू? हितं आवाज कुटं येतो, नुस्तं खरखरतं. एकदा वाजला की टेम्पो निगाला, दोनदा वाजला की आज येत न्हाई. डेरीतला बाबू वरच्या वाड्यांना असाच वाजवायचा. आन् आता रोज दोनदा!”

बाबूने हे आम्हाला सांगितलं नव्हतं, कारण ते सगळ्यांना माहीतच असतं. आम्ही विचारलं नव्हतं, कारण आम्ही भाषा निवडत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फाट्यावर रेंजमध्ये येऊन मी साहेबांना फोन लावला आणि पुन्हा फोन लावणारी ती ओळ काढायला सांगितली. “सी++मध्ये असं झालं नसतं,” साहेब म्हणाले. झालं असतं. अगदी असंच झालं असतं.

मुक्काम मावशीकडेच केला. सकाळी खिळ्यावरचा फोन वाजला आणि थांबला. मी त्याच्याकडे बघत बसले. आता दुसऱ्यांदा वाजला, तर मावशीचा टेम्पो कायमचा गेला.

मावशी दुधाची किटली घेऊन अंगणाबाहेर पोचलीसुद्धा होती.

“आता कशाची वाट बगती गं?” ती तिथूनच ओरडली. “एकदाच वाजला न्हवं? चल की!”