त्सांबिकाचं 'नाही'

त्सांबिकाला स्वस्थ बसणं म्हणून माहीत नाही. तिच्या आईनं अनवाणी डोंगर चढून देवमातेला नवस केला, तेव्हा ही झाली. नावही त्या देवमातेचंच. "आईला चढताना लागलेली धाप माझ्यात उतरलीय," असं ती स्वतःच सांगते. साठी उलटली, तरी ग्रीसमधल्या ऱ्होड्स बेटावर, जुन्या तटाआतल्या आपल्या सहा टेबलांच्या खानावळीत तिचं दिवसभर आतबाहेर चालूच.

त्या दुपारी कोपऱ्यात एक परदेशी जोडपं जेवत होतं. बाईला बदाम-अक्रोड म्हणजे विषच. घसा सुजून श्वास कोंडतो, असं नवऱ्यानं आल्याआल्याच सांगितलं होतं आणि सून कालिओपीनं ते सासूला समजावलं होतं. त्सांबिकानं पातेलं वेगळं घेतलं, पळीही वेगळी. शेवटी, पाहुण्यानं तोंड गोड करून उठावं, म्हणून तिनं बाईपुढं अंजीर ठेवलं आणि त्याच्यापुढं पिठीसाखरेत घोळलेले दोन बदामाचे लाडू. त्यानं लाडवांकडं बोट केलं, मग बायकोकडं. हिला चालतील? त्सांबिकानं भुवया उंचावून हनुवटी वर केली आणि पाव मागणाऱ्या दुसऱ्या टेबलाकडं वळली. त्यानं हसून आभार मानले.

ते हसू तिला सुखानं पाव कापू देईना. नाही म्हटल्यावर कुणी आभार मानतं का?

तेवढ्यात कालिओपी रिकाम्या बशा घेऊन आत आली. "आई, लाडू बाईनं रुमालात बांधून नेले हो. वरच्या राजवाड्याच्या पायऱ्यांवर बसून खाणार म्हणे."

"बाईनं? अगं, मी नाही म्हटलं त्याला!"

"कसं म्हटलंत?"

त्सांबिकानं हनुवटी वर केली.

कालिओपीच्या हातातली बशी निसटली. "अहो, हनुवटी वर म्हणजे 'नाही', हे आपल्याकडं! त्यांच्याकडं मान वरखाली हलली की होच!"

त्सांबिका ॲप्रनसकट धावत सुटली. दगडगोट्यांच्या चढावर सपाता घसरत होत्या. पुढं जहाजावरून उतरलेली सगळी गर्दी, आणि जी ती बाई टोपीवाली.

"काय काकू, म्हातारपणी कुणाच्या मागं?" चपलांच्या दुकानातून साव्वास ओरडला. एरवी तिनं त्याला चार शब्द तरी ऐकवले असते. आज वळूनही पाहिलं नाही.

ती दोघं पायऱ्यांवर होती. बाईनं लाडू तोंडाशी नेला होता. हाक मारायला त्सांबिकाच्या छातीत हवाच उरली नव्हती. तिनं तो लाडू हिसकावला, मांडीवरचा दुसराही उचलला आणि दोन्ही आपल्याच तोंडात कोंबले.

नवरा संतापून उभा राहिला. गाल फुगलेल्या त्सांबिकानं आपला गळा दोन्ही हातांनी आवळला, डोळे पांढरे केले आणि बाईकडं बोट दाखवलं.

बाई आपल्या बोटांवरच्या पांढऱ्या साखरेकडं बघतच राहिली. नवऱ्यानं पिशवीतून पाण्याची बाटली ओढून काढली. बाटलीचं झाकण त्याला उघडेना. ते त्सांबिकानंच उघडलं. बाईचं एकेक बोट धुतलं, ॲप्रननं पुसलं, मग बाईची हनुवटी धरून तिचे ओठ उजेडाकडं वळवून पाहिले. कुठं कण नव्हता. तिनं पुन्हा एकदा पाहिलं.