बेनेदितोने माझ्या नावावर मारलेली थाप

बेनेदितो गेल्याची बातमी मला शारजाच्या ट्रॅफिकमध्ये कळली. संध्याकाळी आम्ही दुबईहून घरी परतत होतो, माझा नवरा मिलिंद गाडी चालवत होता आणि माझ्या आधीच्या फुटबॉल क्लबच्या जुन्या स्टाफच्या ग्रुपवर धडाधड मेसेज यायला लागले. हार्ट अटॅक... शारजातल्याच अल मजाजमधल्या त्याच्या फ्लॅटमध्ये. पाठोपाठ हात जोडलेले इमोजी, 'लेजंड', 'लाखात एक माणूस'. मी मोबाइल पालथा ठेवला. मागच्या सीटवरून सईने, माझ्या मुलीने, विचारलं, "आई, ही वॉज द वन हू गॉट यू फायर्ड, राइट?" मी हो म्हटलं. आता काही आठवडे उलटले, तरी माझं उत्तर बदललेलं नाही.

मी त्या क्लबची फिजिओथेरपिस्ट होते आणि तो आमचा ब्राझिलियन मिडफिल्डर. ब्राझीलमधल्या कुठल्याशा नदीकाठच्या गावातून मिसरूड फुटायच्या आत घर सोडलेला, युरोपातल्या लहानमोठ्या क्लबांतून फिरत तिशीत इथे आलेला. खेळायचा मात्र विलक्षण, ते नाकारणं मला जमणार नाही. चेंडू यायच्या आधी एकदाच मान वळवून बघायचा आणि मग असा हळू पास द्यायचा, की अडवायला आलेल्याला वाटावं, आपण पोचतोय... आणि तो कधीच पोचायचा नाही. माणसांशीही तसाच खेळायचा. नवख्या पोरांच्या चालण्याची नक्कल करून त्यांना रडवायचा, मसाज करणाऱ्या केरळी अनिलच्या अंगावर घामेजलेले मोजे फेकायचा आणि वर सगळ्यांना लाडाने 'हबीबी' म्हणायचा. मला 'दोतोरा' म्हणायचा, म्हणजे डॉक्टरीणबाई. त्यात आदर नव्हता.

सेमीफायनलच्या आदल्या दिवशी मी त्याचा गुडघा तपासला. लिगामेंट अर्धवट फाटलं होतं. मी स्पष्ट सांगितलं, "उद्या खेळलास तर पुढे खेळशील याची खात्री नाही." तो हसला. "इन्शाल्ला, दोतोरा." दुसऱ्या दिवशी मैदानावर पोचले, तर हा वॉर्मअप करतोय! मी धावत कोचकडे गेले. कोच म्हणाला, "तूच ओके दिलंस ना? तो तर तसंच म्हणाला." मी नाही म्हणाले, तेव्हा बेनेदितोने लांबूनच हात उडवला, "शी इज स्केअर्ड!" कोचने त्याचं ऐकलं. सेकंड हाफमध्ये कोणी हात न लावता तो वळता वळता कोसळला. मॅनेजमेंटसमोर त्याने शांतपणे सांगितलं, की फिजिओने परवानगी दिली होती, आणि कोचनेही स्वतःची मान सोडवायला त्यालाच दुजोरा दिला. माझं काँट्रॅक्ट खलास. त्याची कारकीर्दही तिथेच संपली, पण त्याला निरोपाची मॅच मिळाली, स्टेडियम उभं राहिलं, टाळ्या वाजल्या.

पुढे मी दुबईतल्या करामा भागातल्या एका क्लिनिकमध्ये लागले. काही वर्षांनी एका दुपारी तो लंगडत तिथे आला. पोट सुटलेलं, केस रंगवलेले. "तुझ्यासारखे हात कोणाचे नाहीत," म्हणत स्वतःच बेडवर चढला. मी विचारलं, "तू खोटं का बोललास?" वाटलं, आता तरी मान खाली घालेल... तो म्हणाला, "तेव्हा खरं बोललो असतो, तर ती सेमीफायनल मिळाली नसती. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करेन." मी गुडघ्यावर उपचार केले, कारण ते माझं काम आहे. माफ केलं नाही. पुढे तो येत राहिला, माफी कधीच मागितली नाही.

शोकसभेत जुन्या कॅप्टनने मला बोलायला उभं केलं. मी म्हणाले, "तो सुंदर खेळायचा आणि सहज खोटं बोलायचा. दोन्ही मी जवळून पाहिलंय." कोणी टाळी वाजवली नाही. अनिलने मात्र मला बसायला शेजारची खुर्ची ओढून दिली.

परवा क्लिनिकमध्ये एक तरुण धावपटू आली. गुडघा दाबला तर म्हणाली, "नो पेन, मॅम." मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही, पायांच्या बोटांकडे बघितलं. बेनेदितो कितीही दुखलं तरी हसायचा, पण त्याची बोटं आत वळायची. तेव्हापासून माझी नजर आधी तिथे जाते. हिचीही बोटं वळली होती. "सध्या पळायचं नाही," मी म्हटलं. ती म्हणाली, "ओके, आय विल टेल माय कोच."

"नाही," मी म्हटलं, "त्याचा नंबर दे." आणि तिच्यासमोरच फोन लावला.