बाहेरचं नाक

पेडण्याला गाडीतून उतरलो तेव्हा ऊन नुकतंच तापायला लागलं होतं. माझ्याबरोबर उतरलेल्या एका बाईंनी फलाटावर उभं राहूनच लांब श्वास ओढला आणि लेकीला म्हणाल्या, "आला बघ काजूचा वास!" माझ्याकडेही त्यांनी हसून पाहिलं. मी मान डोलावली. मला काहीच आलं नव्हतं.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल. एका तापात माझी वास घ्यायची शक्ती गेली आणि ताप उतरला तरी ती परतली नाही. जिभेला गोड, आंबट, तुरट कळतं; बाकी सगळं कोरं. मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. रत्नागिरीच्या एका कॅनिंग कारखान्यात मी बरीच वर्षं आंब्याचा रस डब्यात भरण्याआधी हुंगून, चाखून पास-नापास करायचो. कारखाना सुटला, पण नातेवाइकांत माझ्या नाकाचं नाव राहिलं. तेवढंच एक मिरवण्यासारखं होतं माझ्याकडे. आता त्याच नाकाच्या भरवशावर मावसभाऊ उल्हासने डिचोलीजवळच्या आपल्या घरच्या वाईनरीत मला बोलावलं होतं, आणि नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

पेडण्याहून बसने म्हापशाला आलो. शुक्रवार असल्याने बाजार रस्त्यापर्यंत सांडला होता. मिरच्यांच्या राशी, पोळ्यांच्या (कोंड्याच्या पावांच्या) टोपल्या, केळ्यांचे घड. सुक्या मासळीच्या रांगेतून परगावचे लोक नाकाला रुमाल लावून पळत होते. मी तसाच रमतगमत चाललो होतो. मग भान आलं आणि मीही घाईघाईने रुमाल काढला. एका मासळीवालीने ते बरोबर टिपलं.

"शेट, अर्दो बाजार भोवलो आनी आतां रुमाल?" (अर्धा बाजार फिरून झाल्यावर आता रुमाल?)

शेजारणी हसल्या. मी वरमून पावशेर सुकी सुंगटं (कोळंबी) घेतली आणि स्टँडजवळ पाव-पातळभाजी खाऊन डिचोलीची बस धरली. तिखट तेवढं कळलं.

डिचोलीच्या स्टँडवर उल्हास पिकअप घेऊन उभा होता. "पावलो मरे, भाई?" (पोचलास ना?) म्हणत त्याने माझी पिशवी हिसकावली. वाटेत खाणीच्या लाल मातीने माखलेले ट्रक, मग एकदम हिरवी कुळागरं (सुपारीच्या बागा), आणि शेवटी काजूने भरलेली डोंगराची उतरण. उतरणीच्या पायथ्याला घर आणि घरामागे चिऱ्याची लांब शेड. हीच त्यांची वाईनरी.

शेडसमोर पिवळ्या-तांबड्या बोंडूंचे (काजूच्या फळांचे) ढीग होते. उल्हासची बायको शालन आणि दोन बायका बोंडूंच्या बिया पिळून बाजूला काढत होत्या. त्यांच्या पलीकडे बोंडू दाबून नीरो (ताजा रस) निघत होता. तो आधी साबुदाण्याच्या पेजेने निवळून घेतात. तसं केलं नाही तर घशाला कातरी लागते, म्हणजे घसा खवखवतो. मग तो टाकीत आंबवायचा आणि वर्षभर मुरू द्यायचा.

"आणि इथेच घोळ आहे," उल्हास म्हणाला. "नवा रस भरायचा तर टाक्या रिकाम्या हव्यात. म्हणून गेल्या वर्षीची वाईन काजूच्या दिवसांतच बाटलीत भरावी लागते. आणि या दिवसांत आमचं नाक मेलेलं असतं. कपड्यांना बोंडू, केसांना बोंडू, उशीला बोंडू. म्हणून बाबांनी रीतच घालून दिली, बाटल्या भरण्याआधी वास घ्यायला बाहेरचं नाक आणायचं. यंदा तुझं."

स्टीलच्या तीन टाक्या होत्या. तिन्ही एकत्र मिसळायच्या, म्हणजे सगळ्या बाटल्या एका चवीच्या होतात. एक जरी बिघडलेली निघाली आणि मिसळली गेली, तर वर्षभराची सगळी वाईन गेली.

उल्हासने पहिल्या टाकीची तोटी सोडली. फिकट सोनेरी वाईन पेल्यात आली. मी पेला फिरवला, डोळे मिटले, श्वास ओढला, घोट घेतला. "छान मुरलीय," म्हणालो. दुसरीलाही तसंच. तिसरीचा घोट जिभेवर जरा धारदार लागला, घशात चरचरला. कारखान्यातली जुनी भाषा कामाला आली. "हिला थोडी धार आहे. मिसळली की बसेल."

दारात उल्हासची सून अश्विनी उभी होती. लग्न होऊन पहिलंच वर्ष, माहेर बार्शीचं. नाकाला ओढणी लावून ती म्हणाली, "काका, त्या तिसऱ्या टाकीपाशी कसलातरी उग्र वास मारतोय."

"गप गो!" शालन म्हणाली. "हिला सगळ्याचाच वास मारता. आल्या दिवसापासून ओढणी काय सुटत नाही. भाईंनी सांगलां न्हय?"

अश्विनी माझ्याकडे बघत राहिली. मी पेला विसळायला नळाकडे वळलो.

जेवणात सुंगटांचं हुमण (नारळाच्या वाटणाची आमटी) आणि उकड्या तांदळाचा भात होता. उल्हास खुशीत होता. सकाळी मुलगा रुपेश पंप लावणार, दुपारपर्यंत मिसळून होणार, दुसऱ्या दिवशी बाटल्या. शालनने आमटी वाढली तेव्हा मी सवयीने वास घेऊन डोळे मिटले. अश्विनी पाणी वाढत होती. खरी गोष्ट तिने सांगितली आणि बोलणी तिनेच खाल्ली, हे घास घेताना माझ्या डोक्यातून जाईना.

सकाळी पदेर (पाववाला) भोंगा वाजवत येऊन गेला. शेडमध्ये रुपेश नळी जोडत होता. मी तिथे जाऊन म्हणालो, "थांबव. मला वास येत नाही."

"सर्दी झाली?" उल्हासने विचारलं.

"सर्दी नव्हे. तापात गेला, तो गेलाच. काल मी नुसतं बोललो. तिसरी टाकी मला घशात टोचली होती, तरी बोललो."

पंप आणलेला तसाच राहिला. उल्हासने रुपेशला नळी खाली ठेवायला लावली. मग म्हणाला, "म्हणजे काल हुमणावर डोळे मिटलेस ते?"

"नाटक."

"आवय गे!" दारातून शालन ओरडली. "ते डोळे बघून मी तुम्हांक माझ्या वाटणीची सुंगटां वाढली हो!"

रुपेशला हसू फुटलं. उल्हासला नाही फुटलं. "भाई, मी ही सगळी एकत्र केली असती," तो हळू म्हणाला. मी "हो" म्हटलं.

मग मी अश्विनीला हाक मारली. "काल तू सांगत होतीस. मी ऐकूनही ऐकलं नाही. आज सांग."

ती दारू पीत नाही. पेला हातात धरायलाही लाजत होती. पण एकदा नाकाशी नेल्यावर तिचा चेहरा बदलला. "ही पहिली भिजवलेल्या मनुकांसारखी. दुसरी... तशीच, थोडी मधासारखी. आणि ही," तिने तिसरा पेला लांब केला, "पार्लरमध्ये नखांचा रंग काढतात ना, त्या पाण्यासारखी."

उल्हासने तिसऱ्याचा घोट घेतला, आता नीट, घशाकडे लक्ष देऊन. "विनागर (शिरका) होतेय ही," म्हणाला. वाईनच्या घरात विनागर ठेवत नाहीत, चांगल्या वाईनलाही ते बाधतं. त्याच दुपारी तिसरी टाकी पिंपांत उपसून दूरच्या खोपटात नेली. बाकी दोन्ही मिसळल्या. बाटल्या कमी होतील, पण चांगल्या होतील. उल्हासने माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा मला बरं वाटलं.

"पण पुढच्या वर्षी हिचंही नाक आमच्यासारखंच मरणार मरे," चहा पिताना तो म्हणाला.

शालनने जरा विचार केला. "मगे काजूचे दिवस सुरू झाले की हिला माहेरी धाडूया. बाटल्या भरायच्या वेळी बोलवूया."

"म्हणजे सगळं काम आम्ही करायचं आणि ही बार्शीला झोपणार?" रुपेश म्हणाला.

"आई, शब्द दिलाय हं तुम्ही," अश्विनी म्हणाली. ओढणी पहिल्यांदाच नाकावरून खाली आली होती आणि ती हसत होती.

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी नुकत्याच भरलेल्या दोन बाटल्या दिल्या. परतीच्या गाडीत समोरच्या बाईंनी डबा उघडताना विचारलं, "बांगडा आहे, वासाचा त्रास नाही ना?" "मला वासच येत नाही," मी म्हणालो. "मग बरंच झालं," म्हणून त्यांनी झाकण काढलं. इतकं सोपं होतं ते. मी ते एवढे दिवस एखाद्या गुन्ह्यासारखं लपवत फिरत होतो.

घरी पोचल्यावर चप्पल काढायच्या आधीच मालतीला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. तिने बाटली उघडायला लावली, पेल्यात थोडी वाईन ओतून घेतली आणि पेला नाकाशी धरून डोळे मिटले. मी समोर बसून होतो.

"वास कसा आहे?" मी विचारलं.

"थांब," ती म्हणाली. "नीट घेऊ दे. दोघांच्या वाटचा घेतेय."